एवढं जाताच आहात तर...

आमच्या पट्ट्यात अंतर किलोमीटरमध्ये सांगायची पद्धत नाही. नाशिक फाट्यापासून चाकण किती लांब, असं कुणी विचारलं तर तो पाहुणा आहे हे ओळखावं. इथला माणूस उलट विचारतो, "कुठल्या शिफ्टला?" वीस-बावीस किलोमीटरचा हा रस्ता पहाटे अर्ध्या तासाचा असतो, कंपन्यांच्या बसेस सुटल्या की दीड तासाचा होतो आणि मोशीजवळ एखादा कंटेनर आडवा झाला की तो रस्त्याचा विषय न राहता अध्यात्माचा होतो. चाकणला वेळापत्रक कोलमडण्याची परंपरा तशी जुनीच. १६६० साली शाहिस्तेखान प्रचंड फौज घेऊन इथल्या संग्रामदुर्गापुढे बसला. समोर होता एक छोटासा भुईकोट, पण फिरंगोजी नरसाळ्यांनी खानाला जवळजवळ दोन महिने तिथेच अडकवून ठेवलं. तेव्हा तळेगाव चौकात अर्धा तास खोळंबलेल्या माणसाने उगाच हॉर्न वाजवू नये. त्याच्याआधी मोठमोठी माणसं इथे खोळंबलेली आहेत.

अशा मुलखात माझी सगळी नोकरी प्लॅनिंग खात्यात गेली. आधी भोसरीला, मग चाकणला. प्लॅनिंगवाला म्हणजे कुठला माल कधी येणार हे सगळ्यांना ठामपणे सांगणारा आणि तो का आला नाही हे दुसऱ्या दिवशी तितक्याच ठामपणे सांगणारा माणूस. आमचे मोल्ड चीनमधून यायचे, मशीनचे सुटे भाग चीनमधून यायचे, निंगबो बंदरातून निघालेला कंटेनर न्हावाशेव्याला कधी लागतो याकडे डोळे लावून मी कित्येक दिवाळ्या काढल्या. मी निंगबोचं नाव पंढरपूरपेक्षा जास्त वेळा घेतलं असेल, हे पांडुरंगालाही ठाऊक आहे. म्हणून निवृत्त झाल्यावर ठरवलं, की हा सगळा माल जिथून यायचा तो देश एकदा नीट बघायचा. तीन आठवडे, पाच-सहा शहरं, आणि टूर कंपनीच्या झेंड्यामागे न पळता आपलं आपण. बायको म्हणाली, "अहो, भिंत दाखवणार असाल तर येते. कारखाना दाखवलात तर परत फिरेन."

चीन आहे सुमारे ९६ लाख चौरस किलोमीटरचा, आपल्या जवळजवळ तिप्पट. आणि एवढ्या देशात घड्याळ एकच. पूर्वेच्या शांघायला आणि तिबेटच्या पार पश्चिम टोकाला एकाच वेळी बारा वाजतात, सूर्याने काय ते जमवून घ्यायचं. हे मला फार आवडलं. चीन आपल्या अडीच तास पुढे आहे असं कळल्यावर आईने मात्र काळजीने विचारलं, "म्हणजे तुम्ही जेवून झोपलात तरी आमच्या इथे मालिका सुरूच व्हायची असणार. मग फोन कधी करायचा?" हा प्रश्न शीटच्या पहिल्या ओळीत नोंदवावा लागला.

शीट अर्थातच एक्सेलची. एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला शहरं, मध्ये रंग. प्रवासाला पिवळा, मुक्कामाला हिरवा, जोखमीला लाल. बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर, आणि वेगवान गाडी हे अंतर साधारण साडेचार तासांत कापते, असं मी स्वतः वाचलं आणि स्वतःच विश्वास ठेवला नाही. साडेचार तासांत तळेगावहून शिक्रापूरला पोचलो तरी आम्ही ड्रायव्हरला चहा पाजतो. तेव्हा मी त्यात तीन तासांचा बफर टाकला. मग स्टेशनवर जायला दोन तास, स्टेशनवरून निघायला दीड तास, पावसाचा एक तास. चिरंजीव हिंजवडीला संगणकात आहेत, त्यांनी शीट पाहिली आणि म्हणाले, "बाबा, तिथे चाकणचा आंबेठाण चौक नाहीये." मी म्हणालो, "तुला कसं माहीत?" यावर त्याच्याकडे पुरावा नव्हता. तरीसुद्धा त्याने माझे बफर गुपचूप काढून टाकले, आणि माझ्या तीन आठवड्यांतून चक्क तीन दिवस मोकळे झाले. चीनमध्ये घालवायचा म्हणून धरलेला इतका वेळ मी चाकणच्या नावावर खर्ची टाकला होता.

दुसरी खोड गुरुवारची. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, ती विजेच्या हिशेबाने ठरलेली. साऱ्या जगाचा रविवार असताना आम्ही कामावर, आणि गुरुवारी दुपारी वरण-भात खाऊन आडवे. त्यामुळे माझ्या शीटमध्ये प्रत्येक गुरुवार नकळत विश्रांतीचा पडला आणि बीजिंगचा जुना राजवाडा, तो फॉरबिडन सिटी, सोमवारी आला. तो राजवाडा सोमवारीच बंद असतो. बाकीच्या दिवशीही तिकीट काही दिवस आधी, पासपोर्ट नंबर देऊन काढावं लागतं. बादशहा जाऊन शंभर वर्षं झाली, पण दारावरची चौकशी काही सुटलेली नाही.

इथपर्यंत सगळं माझ्या खात्यातलं होतं. खरी अडचण सोसायटीत बातमी फुटल्यावर सुरू झाली.

आपल्याकडे कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की त्याला शुभेच्छा कुणी देत नाही, सगळे भर घालतात. वाक्य ठरलेलं असतं: "एवढं जाताच आहात तर..." तळमजल्यावरचे एक गृहस्थ दरवर्षी मोल्ड आणायला जातात. त्यांच्या लेखी चीन म्हणजे ग्वांगझूचं प्रदर्शन आणि यीवूचा घाऊक बाजार, मधलं सगळं गोडाऊन. "जाताच आहात तर यीवूला दोन दिवस टाका, दिवाळीच्या माळा घेऊन येऊ." भाची म्हणाली चेंगडूला पांडा बघाच. तिच्या नवऱ्याला झांगजियाजेचे डोंगर हवेत, कारण एका इंग्रजी सिनेमातले हवेत तरंगणारे डोंगर म्हणे तिथून सुचले. एकाने हार्बिनचा बर्फ सुचवला. हार्बिनला बर्फाची शहरं उभी राहतात ती ऐन थंडीत, आणि आम्ही जाणार ऑक्टोबरात, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग थोडं थांबा ना तिथेच."

पण सगळ्यांवर कडी केली मेहुणीने. "भावजी, एवढं चीनला जाताच आहात तर कैलास-मानसरोवर करून या. एकाच तिकिटात होईल." मी पट्टी घेऊन नकाशावर बसलो. शांघायपासून कैलास सरळ रेषेत मोजला तर साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढे जातो. आमच्या निगडीपासून तो दीड हजाराच्या आसपास, म्हणजे निम्म्याहूनही कमी. शिवाय तिबेटात जायला वेगळा परवाना लागतो, आणि कैलासाची यात्रा आपलं सरकार लिपुलेख आणि नथुला या खिंडींतून वेगळी नेतं. हे सगळं मी मेहुणीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग निदान मानसरोवराचं पाणी मिळतं का बघा शांघायला. तिथे सगळं मिळतं म्हणतात."

सासरे सोलापूरचे. त्यांनी इतके दिवस काहीच मागितलं नव्हतं, म्हणून मी धास्तावलेलो होतो. एका रविवारी त्यांचा फोन आला. "जावईबापू, आमचं एकच काम आहे बगा. कोटणीसांच्या समाधीवर फूल वाहून यायचं."

इथे मात्र मी गप्प बसलो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि विशीतले कोटणीस होते. मुंबईहून बोटीने कँटन, म्हणजे तळमजल्यावाल्यांचं ग्वांगझू. तिथून हांकौ, चुंगकिंग आणि मग पार येनान. आमच्या शीटमधल्यापेक्षा लांबचा मार्ग, मध्ये बाँबहल्ले, आणि जोखमीच्या लाल रंगाला शीट पुरली नसती. बाकीचे डॉक्टर परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, रणांगणाजवळच्या इस्पितळाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला, स्वतः कोटणीस झाले, आणि सासऱ्यांच्या पिढीला चीन ठाऊक झाला तो त्या पडद्यावरूनच. समाधी शिजियाझुआंगला आहे. बीजिंगपासून सुमारे २८० किलोमीटर, वेगवान गाडीने सव्वा तास. मी शीटमध्ये ते शहर घातलं, हिरव्या रंगात, आणि यीवू काढून टाकलं. तळमजल्यावर अजून बोललेलो नाही.

एकदा इतिहासात शिरलो म्हटल्यावर आणखी एक प्रवासी भेटला. ह्युएन त्संग. हे गृहस्थ आमच्या उलट दिशेने आले. शीआन, तेव्हाचं चांगआन, इथून सातव्या शतकात निघाले. बादशहाची परदेशी जायला मनाई होती म्हणून लपूनछपून निघाले, नालंदेत शिकले, महाराष्ट्रातही येऊन गेले. पुलकेशीच्या राज्यातल्या आपल्या लोकांबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय, की ही माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अडल्यानडल्याला धावून जातात, मात्र अपमान झाला तर सूड घेतात, आणि तोही शत्रूला आधी कळवून. यातलं शेवटचं वाक्य मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना वाचताना हमखास आठवतो. ६४५ साली ते परत पोचले तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. मधल्या वाटेत सिंधू नदी ओलांडताना काही पोथ्या वाहून गेल्या, तर त्यांच्या नकला नव्याने मागवून घेतल्या. सामान हरवल्याची इतकी नीट पाठपुरावा केलेली तक्रार मी आमच्या स्टोअरमध्येसुद्धा पाहिली नाही. त्या ग्रंथांसाठी बांधलेला पॅगोडा शीआनला अजून उभा आहे. शीआनच्याच शिवारात १९७४ साली शेतकरी विहीर खणत होते आणि मातीचे सैनिक निघाले. आमच्या चिखलीत विहीर खणली की शेजाऱ्याची पाइपलाइन निघते. शीआनही हिरवं केलं.

पण ह्युएन त्संगांना एक सुख होतं, व्हिसाचा अर्ज भरावा लागला नाही. आमच्या अर्जात कुठल्या तारखेला कुठल्या शहरात, कुठे मुक्काम, सगळं विचारलेलं. हॉटेलं धरून ठेवायची, पण त्या शहरात नेणारी गाडी? चिनी रेल्वेचं तिकीट साधारण पंधरा दिवस आधी सुटतं. म्हणजे कच्चा माल हातात नाही आणि गिऱ्हाइकाला डिलिव्हरीची तारीख लेखी हवी. माझी नोकरी यातच गेली. मी डोळे मिटून तारखा भरल्या. चिरंजीव म्हणाले, "बाबा, इतक्या आत्मविश्वासाने कसं लिहिता?" याला अनुभव म्हणतात.

सामानाचं काम पिंपरी कॅम्पात आटोपलं. थंडीचे कपडे, दोन बॅगा, साखळी-कुलूप. खाण्याचं खातं बायकोकडे: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दशम्या, संकष्टीसाठी राजगिऱ्याच्या वड्या, कारण संकष्टी मुक्कामात पडते आणि मोरया गोसावींच्या गावची बाई चीनला गेली म्हणून उपास सोडत नसते. भाजी चिरायची सुरी मात्र काढावी लागली. तिथल्या स्टेशनांवर बॅगा तपासतात आणि सुरी काढून घेतात. तिने चिडून विचारलं, "मग काकडी कशाने कापायची?" पॉवरबँकवर तिकडची ३सी ही प्रमाणपत्राची खूण नसेल तर देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत, हा नियम २०२५ पासूनचा. ती पॉवरबँक चीनमध्येच बनलेली आहे, हे सांगून काही उपयोग नसतो.

एका बातमीने मात्र आमचं घर उजळलं होतं. तिकडे व्हॉट्सअॅप चालत नाही. तीन आठवडे सोसायटीचा ग्रुप नाही, सुप्रभात नाही, मेहुणीच्या सूचना नाहीत. बायकोने तर साखर वाटली. मग चिरंजीवांनी सांगितलं, की आपलंच सिमकार्ड रोमिंगवर ठेवलं तर सगळं चालतं. त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

अखेर ठरलं ते असं: बीजिंग, तिथून शिजियाझुआंग, मग शीआन, शेवटी शांघाय. चार शहरं, तीन आठवडे. पांडा, डोंगर, बर्फ आणि यीवू पुढच्या जन्मी. भिंत २१ हजार किलोमीटरहून लांब असली तरी तिला एकच दिवस, आणि वर चढायला पाळणा. शांघायला एक सबंध दिवस मेट्रोत बसायचं आहे, एवढी माझी मागणी मान्य झाली. पिंपरीची मेट्रो निगडीपर्यंत यायला ४.४ किलोमीटरचं काम चालू आहे, आणि शांघायची ८०० किलोमीटरच्या पुढे गेली आहे. ते कसं जमवतात, हे एका प्लॅनिंगवाल्याने पाहून यायलाच हवं.

तुम्हीही निघणार असाल तर पासपोर्टची मुदत सहा महिने उरलीय का ते आधी बघा. १ ते ७ ऑक्टोबर टाळा, त्यांच्या राष्ट्रीय सुट्टीत अख्खा चीन घराबाहेर पडतो. सोमवारी राजवाड्याकडे फिरकू नका. बफर चाकणच्या हिशेबाने धरू नका. आणि कैलासाला जायचं असेल तर इकडूनच जा, जवळ पडतं.