काडीची किंमत

हेडफोनच्या बॉक्सवर सगळं छापलेलं असतं. ड्रायव्हर किती मिलिमीटरचा, इम्पीडन्स किती ओहम, केबल किती मीटर, वजन किती ग्रॅम. हे यंत्र डोकं किती जोरात आवळणार, एवढंच बहुतेक बॉक्सवर नसतं.

आणि चष्मेवाल्याला नेमकं तेवढंच हवं असतं!

मोजता येत नाही म्हणावं, तर तेही खोटं. जर्मनीची बायरडायनॅमिक आपल्या ‘डीटी ७७० प्रो’च्या माहितीपत्रकात दाबाचा आकडा देते: साधारण ३.५ न्यूटन. मग बाकीच्यांची लेखणी तिथेच का अडते?

चष्मा ही काही दुर्मीळ गोष्ट आहे का? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे, की २०५०पर्यंत जगातल्या जवळपास निम्म्या माणसांना लांबचं धूसर दिसत असेल. त्यात चाळिशी लागलेले मिळवा. कंपन्या ज्याच्या मापाने हेडफोन बनवतात, ते बिनचष्म्याचं डोकं मग उरतं कुणाचं?

आता धंद्यातली माणसं बघा. वरातीत कन्सोलमागे उभा असलेला डीजे. अंधेरीच्या स्टुडिओत मालिकेचं मिक्सिंग करणारा. डबिंग आर्टिस्ट, आकाशवाणीचे निवेदक, पुण्यात घरच्या घरी पॉडकास्ट करणारी मुलगी. ही माणसं करमणुकीसाठी हेडफोन लावत नाहीत, आठ-आठ तास कामासाठी लावतात. सोफ्यावर बसून गाणी ऐकणाऱ्याला टोचलं, तर तो काढून ठेवील. यांनी काढला तर काम थांबतं.

दुखतं नेमकं कुठे?

मोठ्या कपाच्या हेडफोनमध्ये अख्खा कान आत जातो आणि पॅड कानाभोवतीच्या हाडावर टेकतं. मधून जाते चष्म्याची काडी. बाहेरून दाबणारी पट्टी, आतून हाड. अर्ध्या तासात कानशील ठणकायला लागतं.

कानावर बसणाऱ्या छोट्या हेडफोनची तऱ्हा वेगळी. सेनहायझरचा ‘एचडी २५’ १९८८पासून बाजारात आहे. वजन जेमतेम १४० ग्रॅम, एक कप फिरवून कानामागे सरकवता येतो, पकड अशी की माणूस नाचला तरी हेडफोन जागचा हलत नाही. डीजेंचा लाडका झाला तो याच पकडीमुळे. चष्मेवाल्याच्या मुळावर येते तीही हीच पकड, कारण इथे पॅड कानाची वरची कडच काडीवर दाबून धरतं.

“होईल सवय,” असं जुने साउंडवाले सांगतात.

होत नाही. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बाहेरच्या दाबाने होणाऱ्या डोकेदुखीची वेगळी नोंदच आहे. हेल्मेट, पोहण्याचा गॉगल, डोक्याला आवळलेला पट्टा ही तिची कारणं. निकष सरळ आहेत: दाब सुरू झाल्यापासून तासाभरात डोकं दुखू लागतं आणि दाब काढल्यावर तासाभरात थांबतं.

हा तास लक्षात ठेवा. दुकानात हेडफोन लावून बघायला किती वेळ मिळतो? दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांतही आपण बासच ऐकत बसतो.

पण दुखणं हा या प्रकरणातला लहान भाग आहे. मोठा भाग कुणाला जाणवतच नाही.

फट!

बंद कपाच्या हेडफोनमध्ये बास टिकतो तो पॅडच्या आत कोंडलेल्या हवेच्या जोरावर. काडीने पॅड उचललं की फट पडते, हवेचा दाब निसटतो आणि सगळ्यात आधी जातो तो खर्ज. ट्रेबल जवळजवळ तसाच राहतो. त्यामुळे काही बिघडलंय अशी शंकाही येत नाही. आवाज फक्त पातळ वाटतो.

पातळ वाटला की मिक्सिंग करणारा काय करणार? बास वाढवणार. हेडफोनवर सगळं छान जमलं. मग तेच गाणं गाडीत लावलं, तर दरवाजे थरथरतात आणि गायकाचा आवाज तळाला जातो. खापर कुणावर फुटतं? प्लगइनवर, स्पीकरवर, खोलीवर. स्वतःच्या कानावरच्या काडीकडे कुणी बघतच नाही.

तपासायला पैसा लागत नाही. ओळखीचं, बास असलेलं गाणं चष्मा लावून ऐका. व्हॉल्यूमला हात न लावता चष्मा काढा आणि तेच पुन्हा ऐका. बास एकदम भरून आला? मग आजवरचं तुमचं प्रत्येक मिक्स फटीतून ऐकून केलेलं आहे.

डीजेचं याहून वाईट. फटीतून बास बाहेर जातो, तसा बाहेरचा गोंगाट आत येतो. समोर स्पीकरची भिंत उभी असते, क्यू म्हणजे पुढचं गाणं जुळवायला हेडफोनवर आधी ऐकायचा भाग ऐकू येत नाही. तो हेडफोनचा व्हॉल्यूम चढवतो. थोड्या वेळाने पुन्हा चढवतो.

इथे हिशोब कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे फट भरून काढायला ९ डेसिबल चढवले, तर ४० तासांचे ५ उरले. आठवड्याचे ५ तास! लग्नसराईत तेवढे एका रात्रीत संपतात.

कारखान्यांना हे केव्हाचं माहीत आहे. कानांवर लावायच्या संरक्षक मफखाली चष्म्याची काडी आली की मफची आवाज अडवण्याची ताकद घटते, हे कामगारांच्या सुरक्षेचं काम बघणारे शिकवतात. संगीताच्या धंद्यात ते शिकवायची जबाबदारी कुणाची, हेच ठरलेलं नाही.

“मग लेन्स लावा ना!” हा फुकटचा सल्ला. मिरवणुकीत गुलाल उडतोय, जनरेटर धूर ओकतोय, धूळ आहे, डोळे जागरणाने कोरडे पडलेत. तिथे लेन्स? डोळ्यांच्या कुठल्याही डॉक्टरला विचारून बघा.

उपाय आहेत, आणि ते फार महागही नाहीत.

सुरुवात पॅडपासून. रेक्झिनचं कडक पॅड काडीभोवती वाकत नाही, काडी त्याला उचलून धरते. मखमली पॅड काडीला आत सामावून घेतं. ‘डीटी ७७० प्रो’ला बहुतेकदा तेच येतं, आणि दिवसभर स्टुडिओत बसणाऱ्या चष्मेवाल्याने आधी तोच लावून बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मखमल थोडा आवाज झिरपू देते, त्यामुळे वरातीला ती पुरी पडत नाही. डीजेने जाड मेमरी फोमचं पॅड शोधावं. अंगाच्या उबेने ते मऊ होतं आणि काडीभोवती बसतं. फक्त एक भान ठेवा: पॅड बदललं की हेडफोनचा आवाजही बदलतो. नव्या पॅडवर आधी ओळखीची गाणी ऐका, कामाचे निर्णय नंतर.

सोनीचा ‘एमडीआर-७५०६’ १९९१चा. हलका, पकड सौम्य, पॅड मात्र पातळ. चांगलं पॅड चढवलंत तर चष्मेवाल्याला सोसेल. उलट सेनहायझरचा ‘एचडी २८० प्रो’ बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो, असं कंपनी सांगते. हे काम तो घट्ट पकडीच्या बळावर करतो. चष्मा असेल तर तो ऐकून, लावून, थांबून मगच घ्या.

पकड सैल करता येते का? पट्टी स्टीलची असेल तर येते. डोक्यापेक्षा जराशा रुंद पुस्तकांच्या चळतीवर रात्रभर चढवून ठेवा. प्लॅस्टिकच्या पट्टीवर हा प्रयोग करू नका, तडा जातो. आणि अति सैल केलात, तर पुन्हा फट आहेच.

मंचावरचे गायक-वादक कानाच्या साच्यावर बनवलेले इन-इअर मॉनिटर वापरतात. तिथे काडीचा संबंधच येत नाही. मिक्सिंगच्या तपासणीला तेही चालतील. डीजेची अडचण अशी, की त्याला एक कान सतत उघडा-बंद करावा लागतो. अडकवलेली वस्तू तो किती वेळा उपसणार?

आता चष्म्याकडे या. लोक तीन-तीन हेडफोन बदलतात, फ्रेम बदलायचं कुणाच्या मनात येत नाही. जाड ॲसिटेटची काडी पॅडला सगळ्यात जास्त उचलते. धातूची बारीक, सरळ काडी असेल तर फट कमी होते आणि टोचणंही. कामापुरता असा दुसरा चष्मा करून घ्या. हेडफोनवर पंधरा हजार घालणारा माणूस साध्या फ्रेमला हजार रुपये द्यायला कां-कूं करतो, हे मला कधीच समजलेलं नाही.

कंपन्यांना हे जमणार नाही, असं कुणी सांगू नये. अमेरिकेच्या टर्टल बीचने गेमिंगच्या हेडसेटमध्ये चष्म्याच्या काडीसाठी पॅडमध्ये मऊ जागा ठेवली. खेळणाऱ्या पोरांची सोय झाली. ज्यांचं पोट हेडफोनवर चालतं त्यांची का नाही?

हेडफोनची परीक्षणं करणाऱ्यांनाही एक विचारायचंय. “आरामदायक आहे,” असं तुम्ही एका वाक्यात उरकता, तेव्हा तुमच्या नाकावर चष्मा होता का? होता तर सांगा. नव्हता तर तेही सांगा.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या आणि पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या दुकानदारांनो, एक डेमो पीस आणि एक खुर्ची ठेवा. गिऱ्हाइकाला रोजचा चष्मा लावून तासभर बसू द्या. बसू देणाऱ्या दुकानात माल परत येणार नाही.

आणि साउंडच्या मालकांनो, तुमच्या कन्सोलवरचा पोरगा चष्मा लावत असेल, तर येत्या सीझनआधी त्याच्या हेडफोनचं पॅड बदलून द्या आणि रात्रीत दोनदा त्याला कन्सोलवरून उठवा. कानाच्या आतल्या केसपेशी मोठ्या आवाजाने एकदा मेल्या, की माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.