कै. उपकरराव, तुमचे फार उपकार झाले

साखरशेत, ता. जव्हार, जि. पालघर

कै. दगडी कोळशावरील उपकर यांस,
स. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, माफी असावी. तुम्ही गेलात 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेला. सर्वपित्री आदल्याच दिवशी होऊन गेलेली, त्यामुळे त्या वर्षी तुमच्या नावाने कावळ्याला घासही कुणी टाकला नाही. म्हटलं, निदान चार ओळी तरी लिहाव्यात.

तुमचा जन्म 1 जुलै 2010 चा. नाव काय देखणं होतं: स्वच्छ ऊर्जा उपकर! कोळशाच्या टनामागे 50 रुपये. मग 100, मग 200, आणि 2016 ला थेट 400. चांगलं बाळसं धरलंत. धूर करणाऱ्याने धुराचा दाम मोजावा आणि त्या पैशातून उन्हाची, वाऱ्याची वीज यावी, हा विचार चांगलाच होता. हे मी खवचटपणे म्हणत नाही. खवचटपणा पुढे आहे.

2017-18 पर्यंत तुम्ही सुमारे 86 हजार 440 कोटी रुपये जमवलेत. त्यातले स्वच्छ ऊर्जेच्या निधीत पोचले साडेएकोणतीस हजार कोटींच्या आसपास. प्रत्यक्ष खर्ची पडले 16 हजार कोटींच्या आत. आमच्या पाड्याच्या भिशीत असा हिशेब कुणी दिला असता तर त्याला भर पंचांत बसवलं असतं. तुमचं मात्र बारसं पुन्हा झालं. बरोबर सातव्या वाढदिवशी, 1 जुलै 2017 ला, तुम्ही ‘जीएसटी भरपाई उपकर’ झालात. राज्यांचं बुडालेलं उत्पन्न भरून देणं हे नवं काम. उन्हाचा आणि वाऱ्याचा संबंध तिथेच सुटला. दर मात्र तोच, 400.

आता तुमची आमची ओळख कशी, ते सांगतो. दिवाळी झाली की आमचा निम्मा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातो. थोरला भाऊ आणि वहिनीही जातात. आधी बयाणा, मग आठवड्याची खर्ची, आणि पावसाच्या तोंडावर हजार विटांमागे ठरलेल्या दराने हिशोब. तो हिशोब वहीत मी लिहितो. एका वर्षी वहिनीने हजाराचा दर वाढवून मागितला. शेठ म्हणाले, “दिल्लीने कोळशावर कर लावलाय बाई, कुठून देऊ?” मी रात्री वही घेऊन बसलो. लाख विटांना 20 टन कोळसा धरला तरी तुमचे होतात आठ हजार. विटेमागे आठ पैसे. एवढ्या आठ पैशांच्या आडोशाला शेठ मावले, याचंच नवल वाटलं.

तुम्ही गेल्याची बातमी वहिनीने ऐकली आणि पुन्हा दर काढला. शेठ म्हणाले, “उपकर गेला, पण कोळशाचा जीएसटी 5 चा 18 झाला ना!” म्हणजे तुम्ही जिवंत असताना दर वाढत नव्हता, आणि तुम्ही मेल्यावरही वाढत नाही. अमर आहात.

भाचा बोईसरला नटबोल्टच्या कारखान्यात कागदपत्रं बघतो. परवा त्याचा फोन आला. युरोपच्या गिऱ्हाइकाने तक्ता पाठवलाय, बोल्टमागे किती धूर झाला ते भरून द्या म्हणून. तिकडे 1 जानेवारी 2026 पासून सरहद्दीवर कार्बनचा हिशेब सुरू झालाय: लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, सगळ्यांना. पैसे भरणार तिथला आयातदार, पण तो ते बोल्टच्या भावातूनच कापणार. सुरुवातीला भार थोडा, 2034 पर्यंत पुरा. ज्या मोठ्या गिरणीकडे धूर मोजणारी माणसं आहेत ती तरेल. पत्र्याच्या शेडमधल्या कारखान्याने आकडा दिला नाही, तर ठोकळ आकडा धरतात, आणि तो चढाच असतो.

त्या तक्त्यात एक रकाना आहे: मूळ देशात कार्बनची किती किंमत भरली? दाखवता आली तर तेवढी वजावट.

भाचा म्हणाला, “मामा, आपल्याकडे कोळशावर कर होता ना?”

होता रे बाबा. पंधरा वर्षं होता. धुराच्या टनाला हिशेब केला तर अडीचशेएक रुपये पडत. युरोपचा भाव 70-80 युरो, म्हणजे सात-आठ हजार. वजावट चिमूटभरच झाली असती, आणि तुमचं दुसरं नाव वाचून साहेबाने तीही नाकारली असती. पण भांडायला कागद तर असता! तुम्ही शंभर दिवस आधी डोळे मिटलेत. शंभरच दिवस, उपकरराव. 2023 ला अधिसूचना निघालेली कार्बन बाजाराची योजना तुमची वारस म्हणे, पण ती अजून रांगतेय.

भाच्याने त्या रकान्यात शून्य लिहिलं. लिहून झाल्यावर मला फोटो पाठवला.

तर एवढंच काम होतं. वर जुनी दप्तरं सापडली तर त्या 86 हजार कोटींच्या पावतीची एक झेरॉक्स पाठवा. सही-शिक्का दिसेल अशी.

आपला,
आठ पैशांतला भागीदार