लेखक, प्रकाशक आणि हमाल

आमच्या धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्यात एक तरी गुरुजी असे आहेत, ज्यांच्या कॉटखाली चारशे पुस्तकं आहेत. सगळी एकच.

त्यांतलेच आमचे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. मुलीचं लग्न उरकलं, घरावर स्लॅब पडला, आणि तरीही फंडातले थोडे पैसे उरले. पैसे उरणं ही गोष्ट मास्तरच्या घरात फार धोक्याची. त्यातून एकतर बोअर पडतं, नाहीतर पुस्तक निघतं. बोअरला पाणी लागेलच असं नाही, म्हणून गुरुजींनी आत्मकथन लिहायला घेतलं.

तसं त्यांनी आधी रीतसर पुण्याला हस्तलिखित पाठवलं होतं. वर्षभर काही कळलं नाही. मग एका प्रकाशकाचं उत्तर आलं: मजकूर चांगला आहे, अर्धा खर्च तुम्ही करा, शिवाय तीनशे प्रती तुम्हीच विकत घ्या. गुरुजींनी उभा जन्म गणित शिकवलेलं. त्यांनी पाटीवर त्रैराशिक मांडलं आणि अख्खाच खर्च आपण केला तर निदान शिव्या तरी स्वतःला देता येतील, हे उत्तर काढलं. त्या दिवसापासून ते स्वतंत्र लेखक झाले. प्रकाशनाला आईचं नाव दिलं, प्रकाशक म्हणून बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं. काकूंना हे पुस्तक छापून घरात आल्यावर कळलं.

गुरुजी पहाटे चारला उठतात. लिहायचे कागद म्हणजे जुन्या मतदार याद्या आणि जनगणनेच्या कामातले उरलेले तक्ते, त्यांची कोरी बाजू. सरकारने आयुष्यभर शिकवणं सोडून दुसरीच कामं लावली, त्याची एवढीच भरपाई त्यांनी घेतली. चहा होईपर्यंत लिहितात. तो सहाला होतो. लेखन संपलं. उरलेला दिवस साहित्यसेवेत जातो, म्हणजे वणवण करण्यात.

पहिली चक्कर डीटीपीवाल्या पोराकडे. लग्नपत्रिका आणि भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे बॅनर यांच्या फटीत मराठी साहित्य बसवायचं काम हे पोरगं करतं. “काय करायलाव गुरुजी? बसा की. लग्नसराई हाय, जरा दम धरा.” गुरुजी बसतात. म आणि भ यांत फरक न करण्याची गुरुजींची जुनी सवय, त्यामुळे पहिल्या प्रुफात ‘आईच्या मांडीवर डोकं ठेवून’ऐवजी ‘आईच्या भांडीवर डोकं ठेवून’ ते झोपी गेले. ते दुरुस्त केलं तर दुसऱ्या प्रुफात पोराने सरसकट बदल मारल्यामुळे घरातली सगळी भांडी मांडी झाली आणि काकू अंगणात मांडी घासताना दिसू लागल्या. शेवटी शुद्धिपत्र जोडलं. त्याच्या मथळ्यातही चूक आहे, पण आता त्याला कोण काय करणार. मुखपृष्ठही त्याच पोराने केलं. मावळता सूर्य, एक वड, आणि बैलगाडी. गुरुजींकडे बैलगाडी कधीच नव्हती.

खरी गंमत फॉर्म्याने केली. मजकूर 83 पानांत आटपला. छापखानेवाला म्हणाला, सोळा पानांचा एक फॉर्मा, तुमचे पाच भरले आणि तीन पानं वर लोंबतात. एकतर तीन कापा, नाहीतर तेरा आणा. गुरुजी तीन पानं कापतील? त्यांनी एका रात्रीत तेरा पानांच्या कविता लिहून 96 चा आकडा गाठला. तेव्हापासून कुणी भेटलं की म्हणतात, “आत्मकथन वाचा, नका वाचू, कविता तेवढ्या बघा.”

आणि बघू नयेत त्या कविताच. वाचावीत ती एकेचाळीसपासूनची तीन-चार पानं. 30 सप्टेंबर 1993 ची, भूकंपाची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. सास्तूरच्या बाजूला तेव्हा गुरुजींची नेमणूक होती. पडलेल्या घरांविषयी त्यांनी फारसं लिहिलंच नाही. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली, त्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली आणि सवयीने जुन्या पटावरूनच नावं पुकारत गेले, एवढंच आहे. काही नावांना ‘हजर’ आलं नाही. ती नावं त्यांनी वर्ष संपेपर्यंत पटावरून कमी केली नाहीत. तपासणीला आलेल्या साहेबांनी पट पाहिला, काही न बोलता सही केली. एकही विशेषण नाही. मास्तर विशेषणं विसरला की असं लिहितो.

प्रस्तावनेत या पानांचा उल्लेख नाही. प्रस्तावना एका निवृत्त प्राचार्यांची. ती मिळवायला गुरुजींनी दहा महिने हेलपाटे मारले, एकदा भूमचा खवा पोचवला, एकदा तुळजापूरचा प्रसाद. अकरा पानं आली. त्यांत नऊ पानं प्राचार्यांच्या स्वतःच्या जडणघडणीवर, एक मराठवाड्याच्या मातीवर आणि उरलेलं पान ‘लेखकाकडून मोठ्या अपेक्षा आहेत’ यावर. फॉर्मा पुन्हा हलला, तो हिशेब वेगळा.

आता हा माणूस स्वतंत्र म्हणायचा, तर तो डीटीपीच्या पोराच्या मर्जीवर, प्राचार्यांच्या तब्येतीवर, एसटीच्या टपावरच्या जागेवर आणि पोस्टाच्या दरावर जगतो. पोस्टाचं दुःख तर ताजं आहे. रजिस्टर्ड बुक पोस्ट ही गरीब लेखकाची शेवटची सोय 18 डिसेंबर 2024 ला एकाएकी बंद झाली. गुरुजींनी त्या दिवशी पोस्टात जाऊन मास्तर या नात्याने पोस्टमास्तरला समज दिली. पुढे मे 2025 मध्ये पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं, तेव्हा ते आपल्याच बोलण्याने झालं असं ते मानतात. आपणही मानावं; त्यात कुणाचं काही जात नाही.

बाकी कागदोपत्री गुरुजींचा हात कुणी धरणार नाही. आयएसबीएन क्रमांक सरकार फुकट देतं, पण मधले एजंट त्याचे पैसे उकळतात. गुरुजींनी फुकटच मिळवला. तेरा आकडे तोंडपाठ आहेत. स्वतःचा मोबाइल नंबर मात्र काकूंना विचारून सांगतात. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते. हा कायदा जिल्ह्यात कुणी इतक्या मनोभावे पाळला नसेल. त्याची पोच लॅमिनेट करून भिंतीवर आहे. “आपलं पुस्तक बंगालात गेलं,” असं ते पाहुण्यांना सांगतात.

पुरस्कार तीन. तिन्ही राज्यस्तरीय. आपल्याकडे गल्लीपातळीवरचा पुरस्कार अजून कुणी काढलेला नाही. दोहोंना प्रवेश शुल्क होतं, तिसऱ्याला येण्या-जाण्याचा खर्च स्वतःचा. मिळालेल्या शाली काकूंनी पापड वाळवायला काढल्या आहेत. जानेवारी 2020 मध्ये 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथंच झालं, संत गोरोबाकाकांच्या नावाच्या साहित्यनगरीत. तेव्हाचा गुरुजींचा संमेलनाध्यक्ष फादर दिब्रिटो यांच्याबरोबर फोटो आहे. दोघांच्या मध्ये फक्त चाळीसेक माणसं आहेत. तीन दिवसांत अकरा प्रती खपल्या, त्यांतल्या चार व्याह्यांनी घेतल्या.

या जिल्ह्यात खरं तर टीकाकारांची परंपरा मोठी. तेरच्या गोरोबाकाकांनी एकेका संताचं डोकं थापटून कच्चं कोण, पक्कं कोण ते तोंडावर सांगितलं आणि नामदेवांनाही सोडलं नाही. पण ते थापटणं त्यांच्याबरोबरच गेलं. आता पुस्तक हातात घेणारा ते वरखाली करतो, वजन बघतो आणि म्हणतो, “झकास झालंय गुरुजी, सवडीनं वाचतो.” ती सवड अजून कुणाला झालेली नाही. म्हणूनच एकेचाळीसावं पान वाचलेला माणूस शोधायचा तर तो डीटीपीचा पोरगाच निघेल. त्याने त्या पानांत एकही चूक केलेली नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.

विक्री म्हणजे सप्रेम भेट. लग्न, वास्तुशांत, निरोप समारंभ. गुरुजी आहेराचं पाकीट देत नाहीत. नवरदेवाच्या हातात ‘मास्तरकीचे दिवस’छाप काहीतरी पडलं की मांडवातल्या जाणत्यांना कळतं, गुरुजी येऊन जेवून गेले. पैसे देणारी गिऱ्हाइकं म्हणजे गावोगावची वाचनालयं. तिथे चाळीस टक्के सूट, आणि बिल अनुदान आल्यावर. अनुदानाचं म्हणाल तर वाचनालयवालेही पावसासारखं त्याचं नाव काढून आभाळाकडे बघतात.

परवा गुरुजींनी जाहीर केलं की दुसरं पुस्तक तयार आहे. यावेळी पूर्ण कवितासंग्रह, सहा फॉर्मे. काकू दळण निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“प्रकाशक म्हणून सांगते,” त्या म्हणाल्या, “कॉटखालचं हलल्याबिगर दुसरं न्हाई. पाहुणे आले तर ट्रंक ठेवायला जागा न्हाई घरात.”

गुरुजींनी चष्मा पुसला. “मग आम्हाला प्रकाशक बदलावा लागेल,” असं म्हणून त्यांनी सुनेकडे पाहिलं.

“माझं नाव नका घालू मामा,” सून आतून म्हणाली, “माझ्या नावावर आधीच बचत गटाचं कर्ज हाय.”