मझार कांदे

कांदाचाळीत साठवलेला उन्हाळी कांदा बाजाराला निघाला की आमच्या देवळा गावात घराघरात विक्रीच्या हिशोबपट्ट्या साठतात. पुढून वजन, भाव, कपात, मागून कोऱ्या. माझ्या पाच वर्षांच्या भाचीनं परवा अशाच एका पट्टीच्या पाठीवर ट्रॅक्टर काढला. मागे ट्रॉली आणि ट्रॉलीच्या पत्र्यातून आरपार दिसणारे गोल गोल कांदे.

मी म्हणालो, "अगं, ट्रॉलीतले कांदे बाहेरून दिसतात का?"

ती म्हणाली, "पन मझार शेतस ना!"

मी लगेच दुसरी चूक काढली, "मझार नाही, आत म्हणायचं." तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि ओट्यावर निघून गेली.

दोन वाक्यांत मी तिचं चित्रही खोडलं आणि बोलीही. खरं तर बरोबर तीच होती. या वयाचं मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं. म्हणून भिंतीतून चूल दिसते, आईच्या पोटातलं बाळ दिसतं. त्याही आधी माणसाच्या डोक्यालाच हातपाय फुटतात, धड नसतंच. कितीतरी देशांतली मुलं अशीच काढतात. तरी आपण "पोट कुठंय?" विचारतो, आंबा पिवळाच रंगवायला लावतो. रंगपेटी कौतुकानं आणतो आणि संपेल म्हणून फडताळात वर ठेवतो. खडू झिजू द्या हो! झिजण्यासाठीच ते आणलेत.

वाचनाचंही तेच. गोष्ट संपते न संपते तोच "तात्पर्य काय?" धड्याखालचा स्वाध्याय शाळेत असू द्या, घरी गोष्टीखाली काहीही नको. मूल "परत तीच" म्हणालं तर परत तीच वाचा, दहाव्यांदासुद्धा. गोष्ट तोंडपाठ झाली की ते ओळीवर बोट फिरवून वाचल्यासारखं करतं. हसू नका, वाचनाची सुरुवात तीच.

पुस्तकं कुठून आणायची, ही लहान गावातली खरी अडचण. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी चित्रपुस्तकंही फुकट आहेत. ज्या फोनवर सकाळी उमराण्याच्या बाजारातला कांद्याचा भाव बघता, त्याच फोनवर. फक्त तो मुलाच्या हाती देऊन उठू नका. मूल मांडीवर घ्या, फोन स्वतः धरा आणि वाचून दाखवा. चार पैसे खर्चायचेच तर लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांची 'यश'ची पुस्तकं घ्या, थोड्या मोठ्यांसाठी 'वाचू आनंदे'. त्यात उताऱ्यांच्या सोबतीला नामवंत चित्रकारांची चित्रं आहेत. वाचणं आणि बघणं मुलाला एकाच पानावर मिळतं.

आजीला अक्षरं येत नसली तरी अडत नाही. चित्राचं पान पुढ्यात ठेवून तिनं आपल्या अहिराणी बोलीतच गोष्ट रचावी. पुढे काय होईल याची ओढ ज्या बोलीत लागते, त्या बोलीत लागू द्यावी. पुस्तकातली मराठी त्या ओढीनंच जवळ येते. "मझार" म्हणणाऱ्या पोरीला "आत" हा शब्द कळायला उशीर लागत नाही. तिचं बोलणं एकदा बंद झालं तर मात्र ते परत सुरू करायला फार दिवस जातात.

मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी आणखी एक पट्टी घेऊन ओट्यावर तिच्याशेजारी बसलो. काही विचारलं नाही. तिनं पुन्हा ट्रॉली काढली, पुन्हा आतले कांदे काढले. बऱ्याच वेळानं म्हटलं, "सांग ना, यात कोण कोण आहे?"

ट्रॅक्टर आजी चालवत होती. कांदे एकमेकांना खेटून बसले होते. एक मात्र मागच्या कोपऱ्यात वेगळा, डोक्यावर हिरवी रेघ असलेला.

"हाऊ चाळमा राही गया," ती म्हणाली. "त्याले कोंब उना."