पेरूची जात

पेरूला पहिला चावा घेतला आणि पांढऱ्या गरावर गुलाबी ठसा उमटला, तेव्हा प्रस्तुत लेखकाने क्षणाचाही विलंब न लावता पेरूची जात बदलली. "लाल गराचा निघाला वाटतं," असे तो मोठ्याने म्हणाला. त्याच पेरूची दुसरी फोड पत्नीच्या हातात होती. तिने ती उलटसुलट करून पाहिली. ती पांढरीशुभ्र होती.

"अर्धाच लाल?" तिने विचारले.

लेखकाने कलमी झाडांविषयी काहीतरी सांगितले आणि उरलेला पेरू पाठमोरा होऊन खाल्ला.

हा प्रकार अचानक घडलेला नव्हता. सकाळी चूळ भरताना बेसिनमध्ये गुलाबी ओघळ दिसू लागल्याला वर्ष होऊन गेले होते. त्यावर लेखकाने शोधलेला उपाय म्हणजे लाल रंगाची पेस्ट. पांढरी पेस्ट रक्त दाखवते, लाल पेस्ट दाखवत नाही, इतका साधा विचार त्यामागे होता. पेस्ट बदलल्यापासून रोग बरा झाल्यासारखे वाटत होते. पेरूने घात केला.

मराठी भाषेने दातांचे लाड मात्र फार केले आहेत. आपण दातओठ खातो, दात विचकतो, दाताच्या कण्या करतो, एकमेकांचे दात पाडण्याच्या धमक्या देतो. दात कोरून पोट भरत नाही हेही आपल्याला माहीत आहे. या सगळ्या बत्तीशीला जन्मभर मुळाशी धरून ठेवणाऱ्या हिरडीच्या नावे मात्र एक म्हण चटकन आठवत नाही. शब्दही धड स्वतःचा नाही. लेखक पहिल्यांदा उपचाराला गेला तो काष्ठौषधींच्या दुकानात. "हिरड्यांचं काही आहे का?" असे त्याने दबक्या आवाजात विचारले. दुकानदाराने डोळे न उचलता उलट विचारले, "सुरवारी की बाळ?" लेखकाला वाटले, रोगाचेच दोन प्रकार असावेत. त्याने वयाला शोभेल म्हणून सुरवारी सांगितला आणि मिळालेल्या हिरड्याचे चूर्ण पुडीवर लिहिल्याप्रमाणे रात्री कोमट पाण्याबरोबर घेतले. हिरड्यांचे काय झाले ते कळले नाही, पोट मात्र पहाटे चारलाच साफ झाले.

खरे तर सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग वेगवेगळे सांगितले आहेत. रक्त येणारा 'शीताद' त्यात आहे, पू येऊन दात हलवणारा 'दंतवेष्ट'ही आहे. आपण या सगळ्यांना मिळून एकच 'पायरिया' म्हणतो आणि विसरून जातो. कारण तो दुखत नाही. घरात मान असतो तो दुखण्याला. दाढ ठणकली की माणूस रात्री दोन वाजता लवंग शोधत घर डोक्यावर घेतो. हिरडी वर्षानुवर्षे सुजते, सुटते, आतले हाड झिजवते, आणि एवढे करून आवाज म्हणून करत नाही. सरकारी कचेरीतल्या गरीब कारकुनासारखी ती फक्त लाल शेरा मारून ठेवते.

हा शेरा शेवटी वाचला तो दाताच्या नव्हे, साखरेच्या डॉक्टरांनी. लेखकाची तीन महिन्यांची साखर ८.१ आली होती. गोळ्या चालू होत्या, फिरणे चालू होते, जिलबी अधिकृतरीत्या बंद होती. डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला आणि विषयाला सोडून असावे तसे विचारले, "काका, ब्रश करताना रक्त येतं का?"

लेखक विचार करू लागला. पत्नी म्हणाली, "पेरू खातानासुद्धा येतं."

दुसऱ्या दिवशी लेखक दंतवैद्याच्या खुर्चीत आडवा होता. डॉक्टरीण त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिच्या हातात खुणा केलेली बारीक सळई होती आणि ती प्रत्येक दाताभोवती हिरडी किती सुटली आहे ते मोजून मदतनिसाला आकडे सांगत होती. "तीन, दोन, तीन... चार... पाच... सहा." गणपतीत सोसायटीत हाउजी चालते तसे ऐकू येत होते. आकडे मोठे होत गेले तसा लेखकाला आनंद होऊ लागला, तेव्हा तिने खुलासा केला. "काका, एक ते तीन मिलीमीटर म्हणजे ठीक. चारच्या पुढे खिसा झाला. त्यात ब्रश पोचत नाही."

आयुष्यभर लेखकाने खिसे रिकामे पाहिले होते. हे भरलेले निघाले.

या खिशांत काय असते ते पहिल्यांदा पाहिले डेल्फ्ट गावच्या एका कापड व्यापाऱ्याने. अँटनी व्हान लेवेनहूक हे त्याचे नाव. हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घासायचा, अगदी आपल्याकडच्या एखाद्या आजोबांसारखा, आणि तरीही दातांच्या फटीत पांढरट लगदा राहतो म्हणून त्याला चैन पडेना. तो लगदा त्याने स्वतः घासून केलेल्या भिंगाखाली धरला. १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्याने कळवले की, तिथे जिवंत प्राणी वळवळत आहेत आणि त्यांची संख्या सगळ्या नेदरलँड्समधल्या माणसांहून जास्त आहे. पुढे काही वर्षांनी त्याला आपल्या पुढच्या दातांवर ते जिवंत सापडेनात. कडकडीत कॉफीने मेले असावेत, असे त्याने ताडले. हे वाचून लेखकाने चहाचा एक कप वाढवला. मग पुढचे वाक्य वाचनात आले: मागच्या दाढांत, जिथे कॉफी पोचत नव्हती तिथे, मंडळी खुशाल होती.

हे जंतू आणि हिरड्यांची सूज यांचा थेट संबंध दाखवणारा प्रयोग व्हायला मात्र १९६५ साल उजाडले. नॉर्वेचे हाराल्ड लो यांनी डेन्मार्कमधल्या आरहूस येथे बारा निरोगी माणसांना, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासायचे नाहीत असे सांगितले. प्रत्येक मराठी पोराने सकाळी सहा वाजता पाहिलेले स्वप्न विज्ञानाच्या नावाने पुरे झाले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे सुरुवातीला सगळे परतीच्या वाटेवर असते. खिसा पडून हाड झिजले की मग ती वाट बंद होते. झिजणे थांबवता येते, गेलेले हाड बहुधा परत येत नाही.

"आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश पाहिला नाही आणि नव्वदाव्या वर्षी ऊस सोलून खाल्ला," हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी उपलब्ध आहे. याचेही उत्तर लो यांच्याकडेच आहे. त्यांनी १९७० पासून श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांच्या हिरड्या पंधरा वर्षे तपासल्या. या लोकांत दात घासण्याची रीतच नव्हती. सूज सगळ्यांनाच होती. पण सुमारे ८ टक्क्यांचे दात झपाट्याने सुटत गेले, ८१ टक्क्यांचे हळूहळू, आणि ११ टक्क्यांचे प्रकरण सुजेच्या पुढे गेलेच नाही. लेखकाचे आजोबा या ११ टक्क्यांत असणार. लेखक ८१ टक्क्यांत निघाला. घराण्यातून त्याच्याकडे फक्त अडकित्ता आला.

आता प्रश्न राहिला हिरडीचा आणि साखरेचा. तोंड आणि बाकीचे शरीर यांच्यात मध्ये कुठे जकातनाका नाही. सुजलेल्या खिशाची आतली त्वचा फाटकी असते. घास चावला तरी तिथले जंतू रक्तात शिरतात. शिवाय सूज ज्या रसायनांनी पेटते ती रसायनेही रक्तातून फिरतात आणि इन्सुलिनच्या कामात खोडा घालतात. उलट बाजूने, वाढलेली साखर हिरडीची प्रतिकाराची आणि भरून येण्याची ताकद कमी करते. म्हणजे दोघी एकमेकींना उचकवतात. १९९३ साली त्याच हाराल्ड लो यांनी हिरड्यांच्या रोगाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. २०२२ साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत ती 'तीन महिन्यांची साखर' सरासरी ०.४३ ने उतरलेली दिसली.

हे कळल्यावर लेखकाला नवा उत्साह आला. गुडघा, विसरभोळेपणा, बढती न मिळणे, सगळ्याचा दोष तो हिरड्यांवर टाकू लागला. या वाटेने त्याच्या आधी मोठी माणसे जाऊन आली आहेत. १९१० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलमध्ये भाषण देऊन अनेक रोगांचे खापर सडक्या तोंडावर फोडले आणि मग दात उपटण्याची लाटच आली. अमेरिकेतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे दात उपटले, दातांनी भागेना तेव्हा टॉन्सिल आणि मोठ्या आतड्यांपर्यंत मजल मारली. कित्येक रुग्ण त्यात दगावले. कॉटन यांनी स्वतःचे आणि घरच्यांचेही दात काढवले, म्हणजे माणूस निदान प्रामाणिक होता. त्या लाटेचा असा वीट आला की पुढची कित्येक वर्षे तोंडाचा आणि शरीराचा संबंध काढणे हेच हास्यास्पद ठरले. १९८९ साली फिनलंडमधल्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका आलेल्यांचे दात इतरांपेक्षा वाईट असल्याचे दाखवले तेव्हा विषय पुन्हा निघाला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली सगळा पुरावा चाळून सांगितले, की संबंध आहे. पण हिरडीमुळेच हृदय बिघडते असे सिद्ध झालेले नाही. सिगारेट आणि साखर दोघांनाही बिघडवतात, हाही त्यातला एक भाग.

"म्हणजे बढतीचं हिरड्यांवर ढकलता येणार नाही," पत्नी म्हणाली.

दातांच्या सफाईच्या आधी शेजारच्या काकांनी बजावले होते, "मुळीच करू नका, दात हलायला लागतात." डॉक्टरीण हसली. "ते आधीच हललेले असतात, काका. किटणाने लिंपलेले असतात, इतकंच." जुन्या वाड्याचा पोपडा काढल्यावर भिंतीतली फट दिसावी, तसे ते. लेखकाच्या आत्याने मात्र हे सगळे ऐकून तुच्छतेने मान उडवली. ती दिवसातून तीनदा मिश्री लावते. "माझ्या हिरडीतून थेंब येत नाही बघ," ती म्हणाली. लेखकाने हे डॉक्टरणीला कौतुकाने सांगितले, तर ती गंभीर झाली. मिश्रीतल्या तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून रक्त येत नाही. आतला रोग वाढतच राहतो. लेखकाला आपली लाल पेस्ट आठवली. घराण्यातून अडकित्त्याशिवाय आणखीही काही आले होते तर.

चार बैठकांत खिसे साफ झाले. दातांच्या फटीत घालायचा बाटली धुण्याच्या ब्रशाचे पिल्लू शोभेल असा एक ब्रश मिळाला. लेखक तो रात्री आरशासमोर चालवतो आणि पत्नी मागून आकडे पुकारते, "तीन, दोन, तीन..."

तीन महिन्यांनी साखर ७.६ आली. साखरेच्या डॉक्टरांनी श्रेय गोळीच्या वाढवलेल्या मात्रेला दिले, डॉक्टरणीने हिरड्यांना, आणि पत्नीने फ्रिजमागच्या डब्यातल्या बेकायदा जिलब्या सापडल्याला.

त्या संध्याकाळी तिने पेरू चिरला. लेखकाने आपल्या फोडीचा बेताने चावा घेतला, पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला. गर गुलाबी होता.

"तुझी फोड दाखव," तो म्हणाला.

तिने दाखवली. ती सालीपर्यंत गुलाबी होती.

"अहो, जातीनेच लाल आहे हा," ती म्हणाली. "मुद्दाम शोधून आणला."

लेखकाने तरीही बेसिनपाशी जाऊन चूळ भरून पाहिली. मग परत येऊन त्याने तिखटमिठाची वाटी पुढे ओढली.