फासा सहा देत नाही

भाचा मे महिन्यात राहायला आला, तेव्हापासून आमच्या घरात ‘ऑब्जेक्टिव्हली’ हा शब्द मिठासारखा वापरला जातो. आमटी ऑब्जेक्टिव्हली पातळ असते, पंखा ऑब्जेक्टिव्हली हळू फिरतो, आणि तो स्वतः रात्री दोनपर्यंत जो गेम खेळतो तो ‘ऑब्जेक्टिव्हली कचरा’ असतो. एकदा त्याच्या मागून स्क्रीनवर डोकावलो. कोपऱ्यात आकडा होता : ६१२ तास. पदवीला मी एवढे दिले नव्हते.

‘‘कचरा आहे, तर ६१२ तास कशाला?’’

‘‘मामा, कचरा आहे हे नीट कळायला वेळ लागतो.’’

तो एकटाच असा नाही. ही मंडळी जिथून गेम विकत घेतात त्या स्टीम नावाच्या दुकानात प्रत्येक अभिप्रायाच्या वर, लिहिणारा तो गेम किती तास खेळलाय ते छापलेलं असतं. अंगठा खाली करून ‘कोणीही घेऊ नका’ म्हणून बजावणारे तिथे हजार-हजार तासवाले निघतात. मेसच्या भाजीला नावं ठेवत त्याच मेसमध्ये चार वर्षं जेवलेले आमचे मित्र मला आठवले.

गॅलरीत त्याचे मित्र जमतात तेव्हा वादाची एक ठरलेली चाल असते. ‘‘तुला आवडला असेल रे, पण गेम म्हणून...’’ या ‘गेम म्हणून’पुढे समोरचा संपतो. स्वतःला आवडलेल्या गेमबद्दल हे दोन शब्द कोणी वापरल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

हे तंटे मिटवायला मेटाक्रिटिक नावाचं संकेतस्थळ २००१ सालापासून बसलंय. ते समीक्षकांचे मार्क गोळा करतं, कोणाच्या मताला किती वजन द्यायचं ते स्वतःच ठरवतं, ते वजन कोणाला सांगत नाही आणि शंभरपैकी एक आकडा काढून देतं. गहू, ज्वारी, नाचणी एकत्र दळून जे पडतं त्याला आम्ही पीठ म्हणतो. तिथे त्याला दर्जा म्हणतात.

या पिठावर लोकांच्या भाकऱ्याही अवलंबून असतात. २०१० साली ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ आला. बनवणारी कंपनी ऑब्सिडियन, प्रकाशक बेथेस्डा. बोली अशी, की मेटाक्रिटिकवर ८५ पडले तर बनवणाऱ्यांना बोनस. पडले ८४. क्रिस अ‍ॅव्हेलोन या त्यांच्याच डिझायनरने २०१२ साली हे जाहीर सांगून टाकलं. तो एक मार्क कोणी कापला असेल, याचा विचार करत मी रात्री जागतो. असेल कुठेतरी एक समीक्षक. त्याचा गेम ऐन रंगात बंद पडला असेल (पडायचा, सुरुवातीला त्यात बग भरपूर होते), किंवा नुसताच चहा गार झाला असेल, आणि त्याने नवाचे आठ केले असतील. आपल्या दहावीच्या बोर्डात गुणपडताळणीचा अर्ज तरी करता येतो! गंमत म्हणजे आज त्याच गेमचं नाव काढताना चाहते आवाज खाली आणतात, जसे आपण भीमसेनांचं नाव घेताना आणतो. बोनस मात्र गेला तो गेलाच.

काही गोष्टी मोजता येतात, हे मान्य. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या प्लेस्टेशनवर इतका अडखळायचा, की सोनीने त्याच महिन्यात तो आपल्या दुकानातून काढला. गाडी सुरूच होत नसेल तर तिथे अभिरुचीचा प्रश्न येत नाही. पण हाच नियम लावला तर माझं सगळं बालपण नापास होतं. आमच्या कॅसेटवर ‘९९९ इन १’ छापलं होतं आणि आत गेम होते सात. उरलेले ९९२ म्हणजे तेच सात, वेगळ्या नावांनी. कॅसेट काढायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. टीव्हीवर मुंग्या. कंट्रोलरचं एक बटण आत गेलं की बाहेर यायला काडी लागे. आणि मागे शेजारचा मुलगा खांद्यावर हात ठेवून उभा, ‘‘मेलास की माझा नंबर.’’ वर-वर, खाली-खाली, डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे, बी, ए. एवढं जमलं की ‘काँट्रा’त तीनाऐवजी तीस जीव.

परवा तोच ‘काँट्रा’ भाच्याला खेळायला दिला. चाळीस सेकंदांत तिन्ही जीव संपले. ‘‘सेव्ह कुठे करायचं?’’ त्याने विचारलं. ‘‘अरे, हा ऑब्जेक्टिव्हली जगातला...’’ एवढं माझ्या तोंडून गेलं आणि मी पाणी प्यायला उठलो.

आमच्या घरातली खरी समीक्षक म्हणजे आई. वय ७६, मोबाइलवर ल्युडो खेळते. जिंकली की पाच चांदण्या, हरली की एक. मत बदलता येतं हे तिला कोणीतरी दाखवून ठेवलंय, त्यामुळे दिवसातून तीनदा बदलते. यावर हसू नये. २०२० च्या जूनमध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आला. गेम वीस-पंचवीस तासांचा, आणि पहिल्याच दिवशी लोकांनी मेटाक्रिटिकवर शून्यांचा पाऊस पाडला. शेवटी मेटाक्रिटिकला नियम करावा लागला, की गेम आल्यावर ३६ तास सामान्य खेळाडूंनी मार्क द्यायचे नाहीत. आई निदान डाव संपेपर्यंत थांबते.

भाच्याने तिला समजावलं, ‘‘आजी, रिव्ह्यू देताना आपलं हरणं-जिंकणं बाजूला ठेवायचं. फासा कसा पडतो तो नशिबाचा भाग.’’

‘‘मग मलाच सहा का पडत नाही? त्या समोरच्या हिरव्याला बरोबर पडतो.’’

‘‘ते रँडम असतं.’’

‘‘असेल. पण मला नाही पडत,’’ असं म्हणून तिने एक चांदणी ठेवली, चष्मा काढला आणि विचारलं, ‘‘तू तुझ्या त्या कचऱ्याला किती दिल्यास रे?’’

‘‘अजून नाही दिल्या. पूर्ण नाही झालेला.’’

‘‘बरोबर आहे,’’ आई म्हणाली. ‘‘घाई करू नये.’’