तुमचं नेट बंद आहे का गं?

नेरूळच्या आमच्या रोहाउसच्या रांगेत दोन घरांमधली भिंत जेमतेम छातीइतकी उंच आहे. बांधणाऱ्याने सिमेंट वाचवलं की शेजारधर्माची सोय केली, देव जाणे. सकाळी सव्वादहाला त्या भिंतीवर देशमुखकाकूंची कोपरं टेकली की समजायचं, दळण सुरू.

मध्यंतरी एका मंगळवारी मी चादरी वाळत घालत होते. काकू आल्या, पण चेहरा ऐन सणाला सिलिंडर संपल्यासारखा.

"सुनीता, तुमचं नेट बंद आहे का गं?"

"नाही हो काकू. महेशची मीटिंग चाललीये की आत."

"मग आमच्याकडे का येत नाही कालपासून?"

तोंडात धरलेला चिमटा तोंडातच राहिला. आधी वाटलं, दोघांचा केबलवाला एकच असेल, त्याची वायर कुठे तरी तुटली असेल. तसं विचारलं, तर काकू म्हणाल्या, "आमचा कुठला आलाय केबलवाला? काकांनी दिवाळीतच बंद केलं ते. महिन्याला सातशे रुपये कशाला घालवायचे म्हणाले. तुमचं येतंय की चांगलं."

हे 'येतंय' मला फार आवडलं. आपल्याकडे नळाला पाणी येतं, शेजारच्या फोडणीचा वास येतो, मोगऱ्याचा घमघमाट येतो. ज्या गोष्टी 'येतात' त्यांचा मालक कोणी शोधत बसत नाही. दिवाळीपासून जूनपर्यंत आमचं नेट काकूंकडे असंच येत होतं. मी राग काढणार तरी कोणत्या तोंडाने? गेली अकरा वर्षं त्यांच्या घरचं विरजण माझ्याकडे येतंय.

झालं होतं असं. गेल्या वर्षी आमच्या ओमची बारावी. वरच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून कुरकुर चालायची. शेवटी त्याने माळ्यावरचा जुना राउटर काढला, खालच्यापासून एक लांब वायर जिन्यातून वर नेली आणि तो वर जोडून दिला. खालच्या राउटरला सतरा अक्षरी पासवर्ड, त्यात आकडे काय, डॉलरचं चिन्ह काय. वरच्याला काहीच नाही. 'नंतर घालतो' म्हणाला आणि परीक्षा देऊन पुण्याला कॉलेजात निघून गेला. तो वरचा डबा काकूंच्या हॉलकडे तोंड करून सात-आठ महिने अन्नछत्र चालवत होता. सोमवारी मी इस्त्रीसाठी त्याचा प्लग काढला आणि परत लावायला विसरले. खाली आम्हाला पत्ताच नाही. तक्रार आली ती शेजारून.

"पण काकू, विचारायचं तरी," मी हळूच म्हटलं.

"अगं, कुलूपच नव्हतं त्याला. बाकीच्या सगळ्या नावांपुढे ते बारीक कुलूप दिसतं, याच्यापुढे नाही. आम्हाला वाटलं, तुम्ही लोकांसाठी मोकळं ठेवलंय. काही जण उन्हाळ्यात दारात पाण्याचा माठ ठेवतात, तसं."

काकू वादात पटाईत. एक काढला की दुसरा दाखला तयार. "आणि तुमचा शेवगा? त्याची अर्धी फांदी आमच्या बाजूला आहे. शेंगा काढताना मी कधी विचारलं का? तुमच्या व्हरांड्यातला दिवा आमच्या पायरीवर पडतो, त्याचं बिल मागितलंस का कधी? नेट वापरलं म्हणून तुझं काय कमी झालं? विहीर आटली का?"

विहीर आटली नव्हती, पण रात्री नऊनंतर तिचा तळ दिसत होता. नवऱ्याची, महेशची, अमेरिकेतल्या लोकांशी मीटिंग त्याच वेळी असते. समोरच्यांचे चेहरे मध्येच थिजायचे, आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. केबलवाल्याच्या पोराने दोनदा येऊन 'प्लॅन वाढवा मॅडम' एवढंच सांगितलं आणि आम्ही तो वाढवलाही. त्याच वेळी भिंतीपलीकडे काकूंचा नातू अथर्व गेम उतरवत होता. यातला एकेक गेम शंभर जीबीचा असतो म्हणे. म्हणजे वाढीव पैसे आम्ही भरले आणि बंदुका अथर्वच्या सुटल्या.

मग मला एकदम आठवलं आणि मी चादरी टाकून भिंतीपाशीच आले. "काकू, महाशिवरात्रीच्या सुमारास तुम्ही रात्री कोरियन मालिका बघत होतात का?"

"अय्या, तुला कसं कळलं?"

कळलं असं. रात्रीचे साडेअकरा, सासूबाई हॉलमध्ये अंधारात जपमाळ ओढत बसलेल्या. आमचा बंद टीव्ही एकाएकी उजळला आणि त्यावर एक गोरापान मुलगा पावसात उभा राहून हिंदीतून रडायला लागला. सासूबाईंनी बंद केला. तो पुन्हा लागला. पुन्हा बंद, पुन्हा पाऊस, पुन्हा रडणं. चौथ्या वेळी त्यांनी टीव्हीवर अंगारा टाकला. त्याचे डाग अजून पडद्याच्या कडेला आहेत. दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिक बोलावला, त्याचे साडेतीनशे गेले.

"अगं, मग ती मीच!" काकूंनी कपाळावर हात मारला. "फोनवरून टीव्हीवर टाकायचं ते बटण अथर्वने शिकवलं होतं. मी दाबतेय, दाबतेय, आमच्या टीव्हीवर काही येईना. म्हटलं बिघडला."

भिंतीच्या दोन्ही बाजूंना आम्ही पोट धरून हसलो. पण हसता हसता कुठे तरी चरकलेच. शेवग्याची शेंग काढणारा माझ्या हॉलमध्ये येत नाही. व्हरांड्यातल्या उजेडावरून कोणी चालत आमच्या टीव्हीपर्यंत पोचत नाही. नेटचं तसं नाही. त्या उघड्या दारातून आत आलं की टीव्ही, प्रिंटर, सासूबाईंच्या खोलीतला तो छोटा कॅमेरा, सगळे एकाच बैठकीत बसलेले. काकूंच्या हातून मालिका लागली. रस्त्यावर गाडी लावून बसलेल्या कोणाला दुसरं काही सुचलं असतं तर?

एवढ्यात काका चहाचा कप घेऊन बाहेर आले. काका रिटायर झालेले, पेपर जाहिरातींसकट वाचणारे. त्यांना सगळं ऐकवलं, तर ते हसले नाहीत.

"सानपाडा आठवतंय?" ते म्हणाले.

सानपाडा म्हणजे आमच्यापासून मध्ये जुईनगर सोडलं की पुढचं स्टेशन. काका-काकू पूर्वी तिकडेच राहायचे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत एकामागून एक स्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. पहिला स्फोट व्हायच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास करणारे त्या ईमेलचा माग काढत निघाले आणि पोचले कुठे, तर सानपाड्यात, भाड्याने राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या दारात. ईमेल त्याच्या नेटवरून गेला होता आणि त्याचं वायफाय उघडं होतं.

"आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून त्याच्या टॉवरची खिडकी न् खिडकी दिसायची," काकूंना आता गोष्टीचा ताबा हवा होता. "रोज खाली टीव्हीवाल्यांच्या गाड्या. भाजीवालासुद्धा मुलाखत द्यायचा."

"संगणक जप्त, चौकशा, सगळं झालं त्याचं," काका म्हणाले. "मध्येच तो अमेरिकेला निघून गेला, त्यावरून आणखी गदारोळ. शेवटी त्याचा काही संबंध नाही, दुसऱ्याच कोणी त्याचं नेट वापरलं, असं निघालं. पण तोवर त्याची बायकामुलं कशी जगली असतील, सांग."

पुढचं मलाही आठवत होतं. ऑगस्टमध्ये तसाच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून गेला आणि सप्टेंबरात, दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कंपनीच्या. तीन महिन्यांत तिन्ही वेळा आपलेच परिसर, तिन्ही वेळा दुसऱ्याच्याच दारातून. २००९ च्या जानेवारीत तर मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन गल्लोगल्ली उघडी वायफाय शोधत फिरत होते.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. बाहेरच्या जगाला आमचा फोन वेगळा, काकूंचा वेगळा, असं काही दिसत नाही. राउटरमागची सगळी वरात एकाच पत्त्यावरून बाहेर पडते आणि तो पत्ता अमुक वाजता कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद कंपनीकडे असते. ग्राहक म्हणजे महेश, आधार कार्डासकट. काकूंनी विरजण दिलं की माझ्या घरी लागलेलं दही माझं असतं, आंबट झालं तरी कोणी काकूंना विचारायला जात नाही. इथे मात्र दही लागणार काकूंकडे आणि आंबट झालं तर दार वाजणार आमचं.

"आणि कायदा?" मी काकांना विचारलं. पेपरवाल्या माणसाला एवढं पुरतं.

"माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरलात की कलम ४३, नुकसानभरपाई. तेच लबाडीने केलंत की कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही."

काकूंनी भिंतीवरची कोपरं काढून घेतली. "म्हणजे मी तुरुंगात? कोरियन मालिकेपायी?"

"तुझ्यात लबाडी कुठे आहे? उलट तू तक्रार करायला आलीस," काका म्हणाले. मला वाटतं, लग्नाच्या बेचाळीस वर्षांत त्यांनी केलेली ही सगळ्यात मोठी स्तुती असावी. सातशे रुपये वाचवायची कल्पना मुळात कोणाची, याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

खरी धास्ती काकूंना दुसरीच होती. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सुनीता, मग आमचं सगळं तुम्हाला दिसत होतं का गं? माझं मुलीशी बोलणं, बँकेचं, सगळं?"

बघा, इतका वेळ माझ्या घरात कोण शिरलं याची चर्चा चालली होती. फुकटचं नेट घेणाराही त्या मालकाच्या अंगणातूनच ये-जा करतो, हे काकूंनीच बरोबर पकडलं. मी सांगितलं, महेशने मनात आणलं असतं तर तुमचा फोन कोणत्या साइटला जातोय ते त्याला कळलं असतं. आतला मजकूर नाही, कारण आता बहुतेक साइट सगळं कुलूपबंद करूनच पाठवतात. पूर्वी तसं नव्हतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरने फायरशीप नावाची ब्राउझरची छोटी जोडणी फुकट वाटली. ती घेऊन कॅफेतल्या उघड्या वायफायवर बसलं की शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या फेसबुक खात्यात एका क्लिकमध्ये शिरता यायचं. कंपन्यांची झोप उडावी म्हणूनच त्याने ते केलं होतं, आणि उडालीसुद्धा. तरी आमच्याऐवजी एखादा चालू माणूस मालक असता, तर त्याने राउटरमध्ये फिरवाफिरवी करून तुम्हाला बँकेच्या नावाने खोट्याच पानावर नेऊन सोडलं असतं. फोन तर इतका भोळा, की एकदा जोडलेल्या उघड्या वायफायचं नाव कोणीही दुसरीकडे लावलं तरी ओळखीचं समजून आपणहून जाऊन चिकटतो.

"म्हणजे बँकेचं मी तुमच्याकडे नको करायला," काकू म्हणाल्या. 'तुमच्याकडे' म्हणाल्या. इतके महिने 'आमच्याकडे येतंय' होतं.

काकांनी लगेच प्रस्ताव मांडला, अर्धे पैसे आम्ही देतो. मी नाही म्हटलं. पैसे घेतले तर मी केबलवाली झाले आणि कनेक्शन असं भिंतीपलीकडे विकलेलं कंपनीला चालत नाही. मन मात्र नको म्हणायला धजेना. अथर्वच्या शाळेचा निम्मा अभ्यास फोनवर येतो. दुपारी पुण्याला फोन लावला, ओमने पलीकडून एकेक पायरी सांगितली. वरच्या राउटरचं पान उघडलं. त्याचा स्वतःचा पासवर्डसुद्धा कारखान्यातून आला तसाच होता, तो बदलला. वायफायला पासवर्ड घातला. मग खालच्या नव्या राउटरवर पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क सुरू केलं, त्यातून नेट मिळतं, पण आमचा टीव्ही आणि कॅमेरा दिसत नाही. पाहुण्यांच्या नावापुढेही कुलूप आहे. पासवर्ड किमान आठ अक्षरी लागतो म्हटल्यावर काकूंनी 'शेवग्याच्याशेंगा' सुचवला. तो आठवडाभर चालला, मग अथर्वने मित्रांना सांगितला म्हणून बदलला.

शेजारी म्हणून माझा निकाल असा. विचारलं असतं तर मी पहिल्या दिवशीच दिलं असतं, आणि देतानाच हे पाहुण्यांचं दार वेगळं काढलं असतं. न विचारता घेतलं ते चूकच, काकू असल्या तरी. पण इतके महिने दार सताड उघडं टाकून सतरा अक्षरी पासवर्डाचा तोरा मिरवणारी मीही काही कमी दोषी नाही. काकांनी पुढच्या महिन्यात स्वतःचं कनेक्शन घ्यायचं कबूल केलंय. तोवर पाहुण्यांचं चालू राहील.

तुमच्याकडेही मुलाने किंवा भाच्याने माळ्यावरचा जुना राउटर वरच्या खोलीत जोडून दिला असेल, तर आज संध्याकाळी फोन काढा, वायफायची यादी उघडा आणि त्याच्या नावापुढे ते बारीक कुलूप आहे का, तेवढं बघा.